खलाशाची हवा

“साहेब, तुमचा एसी खराब आहे.”

हे वाक्य नत्थूजींनी चार दिवस घोकलं होतं. दाढी करताना घोकलं, भाजी निवडताना घोकलं, एकदा तर दूधवाल्यालाच म्हणून दाखवलं. तरीही जिन्याच्या सातव्या पायरीवर उभं राहून ते प्रत्यक्ष तोंडातून निघालं, तेव्हा आपल्या मागे उभं राहून दुसरंच कोणी बोललं की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं.

वरच्या पायरीवर घरमालक शरच्चंद्र साहेब तुळशीला पाणी घालायला निघाले होते. तांब्या हातातच राहिला.

“काय म्हणालास, नत्थू?”

“खराब आहे जी. दुपारी हवाच नाई फेकत. सुनेले सातवा महिना आहे. त्रास होऊन राहिला तिले.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेखाली नत्थूजींनी एकोणीस वर्षं काढली होती आणि एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून ‘हो जी’ आणि ‘झालं जी’ याखेरीज तिसरा शब्द क्वचितच निघाला होता.

सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत साहेब कार्यालय अधीक्षक होते आणि नत्थूजी खलाशी. नागपुरात समुद्र नाही, पण सरकारला खलाशी लागतो. कूलरमध्ये पाणी भरायचं, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप अडला की उघडून साफ करायचा, आणि उन्हाळा संपला की आठ महिने कपाटं इकडून तिकडे सरकवायची, असं ते पद. मुलाचं, ऋषिकेशचं, लग्न हर्षाशी ठरलं तेव्हा तिच्या चिपळूणच्या काकांनी मोठ्या आदराने विचारलं होतं, “कुठल्या जहाजावर असता?” नत्थूजी गोंधळले आणि म्हणाले, “तळमजल्यावर.” काकांनी ते जहाजाच्या तळमजल्याबद्दल आहे असं समजून मान डोलावली, आणि लग्न पार पडलं.

कूलरच्या पुढे हवा गार असते आणि खलाशी कूलरच्या मागे असतो. नत्थूजींचं स्टूल कचेरीबाहेर, भिंतीच्या उन्हाच्या बाजूला, बादली आणि नळी यांच्या मधोमध होतं. आत गार हवेत बसायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांच्याही मनात कधी आलं नाही.

ऋषिकेशला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हा घर शोधत तो हुडकेश्वरला आला. एका फाटकावर साहेबांच्या नावाची पाटी दिसली. नत्थूजी म्हणाले, “साहेबाचं घर आहे ना? डोये मिटून घे.” वर साहेब एकटे राहत आणि खालचा मजला भाड्याने देत. खालचा एसी त्यांच्या मुलाने, अपूर्वने, बंगळुरूहून पैसे पाठवून वडिलांसाठी घेतला होता. एसीने सांधे धरतात म्हणून साहेबांनी तो खाली बसवला आणि स्वतः वर कूलर लावून बसले. त्यामुळे एसी खराब आहे असं म्हणणं म्हणजे अपूर्व खराब आहे असं म्हणण्यासारखंच होतं.

“खराब?” साहेब म्हणाले. “माझ्या मुलाने घेतलेला एसी आहे तो. पाचपैकी पाच तारे आहेत त्याला.”

“तारे असतील जी. पन दुपारी नाई दिसत.”

हे नत्थूजींनी घोकलेलं नव्हतं. ते आपोआप निघालं आणि मग ते एक पायरी खाली उतरले.

तसं पाहिलं तर एसीवर सगळे उपाय करून झाले होते. ऋषिकेशने मोबाइलवर पाहून जाळ्या धुतल्या, रिमोटची बटणं उलटसुलट दाबली आणि कोणत्या तासाला किती तापमान होतं याचा तक्ता केला. तक्ता फार सुंदर झाला. त्यातून एवढंच कळलं की दुपारी बारा ते सहा खोली तापते आणि एरवी गार असते. एसी दुरुस्त करणारा वसंत तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा सकाळी दहाला आला आणि पाच मिनिटांत त्यालाच शिंका आल्या. दुसऱ्यांदा संध्याकाळी सातला आला, गॅस तपासला, बाहेरचं युनिट पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं. तिसऱ्यांदा परत सकाळी आला आणि म्हणाला, “काकाजी, मशीनले काई नाई झालं. तुमच्या घराले झालं आहे. पूजा करून घ्या.”

नत्थूजींचा स्वतःचा उपाय वेगळा होता. बाहेरच्या युनिटवर ऊन येतं म्हणून त्यांनी त्याच्यासमोर वाळ्याची ताटी बांधली आणि दर अर्ध्या तासाने तिच्यावर मग्ग्याने पाणी मारायला सुरुवात केली. वसंतने ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

“काकाजी, काहून त्याले आंघोळ घालून राहिले? हा कूलर नोहे.”

“हवा तं हवाच असते ना बावा.”

“असते. पन हा आतलीच हवा फिरवते. बाहेरची घेतच नाई.”

ही गोष्ट नत्थूजींना अजिबात पटली नाही. तीच ती हवा फिरवत बसणारं यंत्र पाच ताऱ्यांचं कसं असू शकतं? पण वसंत तरुण होता, शिकलेला होता, आणि त्याच्या पिशवीत गॅसचं मीटर होतं. नत्थूजींनी मग्गा खाली ठेवला.

निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कोणी काम करू देत नसे. भाजी निवडणं त्यांनी हर्षाशी भांडून मिळवलं होतं. दुसरं काम त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं. बरोबर बाराला, खोलीत ऊन शिरायच्या आत, खिडकीचा छतापासून जमिनीपर्यंतचा जाड पडदा ओढायचा आणि सहाला सारायचा. हर्षा घरून काम करायची, तिला तेवढ्यासाठी उठावं लागू नये. हे काम ते इतक्या वक्तशीरपणे करत की ती घड्याळाकडे न पाहता पडद्याकडे पाहून जेवायला उठायची.

जिन्यावरच्या त्या प्रसंगानंतर साहेब त्याच संध्याकाळी सातला पाहणीला आले. खोलीत इतकं गार होतं की त्यांनी खांद्यावरचा पंचा अंगभर लपेटून घेतला.

“हा खराब?” ते म्हणाले. “दुपारी दारं उघडी टाकून बसत असाल.”

“नाही हो काका,” हर्षा म्हणाली. “मी दार लावून, खाली टॉवेल लावून बसते.”

“मग माझा एसी खोटं बोलतो?”

“माझी सून खोटं नाई बोलत जी,” नत्थूजी म्हणाले.

ऋषिकेश वडिलांकडे बघतच राहिला. हर्षा पण. साहेबांनी खिशातून छोटी वही काढली. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी त्यांची ही सवय गेली नव्हती.

“रविवारी बाराला मी स्वतः येऊन बसतो,” ते म्हणाले. “एसीत दोष निघाला तर नवा बसवून देईन. तुमच्यात निघाला, तर जूनमध्ये करार वाढणार नाही. दुसरं घर बघा. लिहून घेतो.”

आणि त्यांनी खरोखरच लिहून घेतलं.

ऋषिकेश रात्रभर कुरकुरला. हर्षाचा दवाखाना दहा मिनिटांवर होता. तिची आई बाळंतपणाला इकडेच येणार होती, तिकीटही काढून झालं होतं. सातव्या महिन्यात, नागपूरच्या नवतप्यात, रोहिणीच्या त्या नऊ दिवसांत कावळासुद्धा झाड बदलत नाही, तेव्हा घर कुठून बदलायचं? “बाबा, कशाला बोललात?” तो दोनदा म्हणाला. आपण खरं बोललो एवढं नत्थूजींना पक्कं ठाऊक होतं. भीती वाटत होती ती वाटतच होती.

रविवारी पावणेबाराला सगळे जमले. साहेब भिंतीवरचा तापमापक घेऊन आले. तो त्यांना निरोप समारंभात मिळाला होता. वसंतला चौथ्यांदा बोलावलं होतं. तो चेहरा पाडून आला, कारण त्याच्या धंद्यात हे दिवस सोन्याचे आणि त्याला इथे खुर्चीवर बसून भिंतीकडे बघायचं होतं. साहेबांनी दार लावलं, कडी घातली, टॉवेल स्वतः सरळ केला आणि वहीत लिहिलं : चोवीस.

बाराला नत्थूजी उठले, पडद्याआड हात घालून तो ओढला, परत येऊन उभे राहिले. त्यांना बसायला सांगितलं होतं, पण साहेबांसमोर ते बसत नसत.

साडेबाराला सव्वीस झाले.

“माणसं जास्त आहेत,” साहेब म्हणाले. “वसंत, तू बाहेर जा.”

“बाहेर सेहेचाळीस आहे साहेब,” वसंत म्हणाला आणि हलला नाही.

एकला अठ्ठावीस. दीडला एकतीस. एसी गुरगुरत होता आणि हवा येत होती, पण ती खोलीत राहायला तयार नव्हती. हर्षाने पदराने घाम पुसला. साहेबांनी टोपी काढली, मग चष्मा काढला, मग वहीने वारा घ्यायला लागले. वसंतने खुर्चीवर चढून एसीला हात लावून पाहिला, मीटर लावलं, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला.

“बारा डिग्री फेकून राहिला साहेब. जाते कुठे मंग?”

साहेबांनी बराच वेळ तापमापकाकडे पाहिलं. मग हळूच वही उघडली. त्यांचा चेहरा अपूर्वला फोन करायला लागणाऱ्या बापाचा झाला होता.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “नत्थू, तुझं खरं. नवा बसवून देतो.”

झालं होतं. जिंकले होते नत्थूजी. ऋषिकेशने डोळ्यांनीच त्यांना सांगितलं की बाबा, आता गप्प राहा. पण एकतीस वर्षं ज्या माणसाने कूलर दुरुस्त केले, त्याला दोष न सापडता यंत्र बदलणं म्हणजे तोंड न धुता चहा पिण्यासारखं वाटलं. आणि वसंत म्हणाला होता, जाते कुठे. हा प्रश्न तर त्यांच्याच खात्याचा होता.

“थांबा साहेब,” नत्थूजी म्हणाले. “हवा कुठे जाऊन राहिली, ते मी पायतो.”

ते देवघरातून उदबत्ती पेटवून घेऊन आले. कचेरीत कूलरची हवा अडली की ते हेच करत. धूर खोटं बोलत नाही. त्यांनी उदबत्ती एसीखाली धरली आणि वर पाहत चालायला लागले. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे वसंत, त्याच्या मागे ऋषिकेश, आणि शेवटी पोटावर हात ठेवून हर्षा, अशी मिरवणूक त्या दहा बाय बाराच्या खोलीत निघाली. धुराची रेघ छताला लागली, पंख्याला वळसा घालून गेली आणि सरळ पडद्याच्या वरच्या फटीत शिरली.

“सापडला!” नत्थूजी ओरडले. असे ते कधी ओरडत नसत. “इकडून जाऊन राहिली! साहेब, आता पाहा तुम्ही!” आणि त्यांनी मोठ्या झोकात पडदा बाजूला सारला.

खिडकीच्या वरचं छोटं आडवं रोशनदान सताड उघडं होतं. त्यातून पांढरं आभाळ दिसत होतं. उदबत्तीचा धूर त्या आभाळाकडे शिस्तीत चालला होता, आणि रोशनदानाची दोरी खिळ्याला व्यवस्थित दोन वेढे देऊन बांधलेली होती.

“हे कोणी उघडलं?” साहेबांनी विचारलं.

“माझा तर हातच पोचत नाही,” हर्षा म्हणाली.

“मी घरीच नसतो,” ऋषिकेश म्हणाला.

नत्थूजी दोरीकडे पाहत होते. दोन वेढे आणि खालून काढलेला फास. अशी दोरी बांधणारा माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पडदा ओढायला हा हात वर जातो. मग तो काय करतो, हे त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

“मीच जी,” ते म्हणाले. उदबत्तीची राख त्यांच्या पायावर पडली.

वसंत खो खो हसत सुटला. “काकाजी! कूलर समजले गा तुम्ही एसीले!” मग त्याने नत्थूजींचा चेहरा पाहिला आणि हसू आवरून पिशवी भरायला लागला.

“पण कशासाठी?” साहेब म्हणाले. “रोज?”

“सवय आहे जी. हवेले निघायले जागा नसली तं कूलर काम नाई करत. चिपचिप होते. कचेरीत बाराले उघडत होतो, सहाले लावत होतो.”

“कचेरीत? माझ्या खोलीत मी एक खिडकी उघडू देत नव्हतो. फायली उडायच्या.”

“हो जी. म्हनून तं कपाटामागचं उघडत होतो. तुमाले दिसत नव्हतं.”

“किती दिवस?”

“तुम्ही आले तेव्हापासून.”

संपूर्ण कचेरीत आपल्याच खोलीतला कूलर चांगला चालतो, हे साहेब एकोणीस वर्षं आल्यागेल्याला सांगत आले होते. आपण उत्तरेची खोली निवडली म्हणून, असं कारणही सांगत. निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा ती उत्तरेची खोली आली होती.

त्यांनी वही मिटली, तापमापक उतरवला आणि दाराशी जाऊन म्हणाले, “उद्या बाराला वर ये. कराराचं बघू.”

त्या दिवशी नत्थूजी जेवले नाहीत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता, आणि आता सातव्या महिन्यात सून त्यांच्या हातामुळे रस्त्यावर येणार होती. त्यांना फार लाज वाटली. स्टुलावर चढून त्यांनी रोशनदान लावलं, दोरी सोडून काढली आणि गुंडाळी करून स्वतःच्या खिशात टाकली, म्हणजे हाताला पुन्हा संधी नको.

हर्षा ताट घेऊन आली.

“मले माफ कर बेटा,” ते म्हणाले. “मीच गरम करून राहिलो होतो तुले.”

“बाबा, जेवा आधी,” ती म्हणाली. “माझ्याकरता तुम्ही साहेबांना उलट बोललात. ते आमच्या घरात अजून कोणी केलेलं नाही. आणि उद्याही पडदा तुम्हीच ओढायचा. मला घड्याळ बघायची सवय राहिली नाही.”

दुसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं असताना नत्थूजींनी पडदा ओढला, उजवा हात डाव्या हाताने धरून खाली आणला आणि जिना चढायला लागले. सातव्या पायरीवर थांबून नवं वाक्य घोकलं. ‘साहेब, मले काय बोलायचं ते बोला, पन पोरीचं बाळंतपन होऊ द्या.’

साहेबांच्या खोलीत कूलर धडधडत होता. खिडक्या गच्च बंद, टेबलावर कागदांचे ढीग, आणि हवा अशी ओली की भिंतीवरचं कॅलेंडर पोळीसारखं मऊ पडून लोंबत होतं. साहेब बनियनवर बसले होते. मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. चौदा वर्षं त्यांनी कूलर बदलले, पंप बदलले, पाण्याला दोष दिला.

नत्थूजींचं वाक्य तोंडातच राहिलं. साहेबांनी मान वर केली नाही. फक्त पेनाच्या टोकाने वर दाखवलं. खिडकीवर रोशनदान होतं, रंगाखाली चिकटून बसलेलं, दोरी नसलेलं.

“बारा वाजले,” साहेब म्हणाले.

नत्थूजींनी खिशातली दोरी काढली. स्टूल ओढलं, कडीत दोरी ओवली आणि एक झटका दिला. जुना रंग कटकन तुटला, रोशनदान उघडलं, आणि टेबलावरचे कागद एकदम फडफडून उठले. साहेबांनी दोन्ही हातांनी ढीग दाबून धरला. एक कागद मात्र सुटला आणि थेट नत्थूजींच्या पायाशी येऊन पडला. त्यांनी तो उचलला. ऋषिकेशच्या घराचा करार होता, पुढच्या जूनपर्यंतचा. खाली साहेबांची सही होती, आणि तारीख कालचीच होती.

“ठेव तुझ्याजवळ,” साहेब म्हणाले. “इथे उडेल.”

नत्थूजींनी त्याची चौपट घडी करून छातीकडच्या खिशात ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी बाहीने पुसलं. मग सवयीने दोरीला दोन वेढे दिले, फास काढला आणि दाराकडे निघाले. खोलीतली हवा सरकायला लागली होती. कॅलेंडरचं पान एकदा हललं.

“कुठे चाललास?”

“बाहेर जी. कूलरच्या मांगे पानी पायतो किती आहे ते.”

कचेरीत कोणी कोणाला घरच्यासारखं ‘गा’ म्हटलं तर साहेब त्याची दुरुस्ती करत. इथे सरकारी काम चालतं, म्हणत. त्यांनी काचेचा पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला, कूलरसमोरच्या रिकाम्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं काढून खाली जमिनीवर ठेवली.

“पाणी आहे भरपूर,” ते म्हणाले. “बस ना गा.”

नत्थूजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. मग ते खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले. वाळ्याचा वास घेऊन गार हवा तोंडावर आली, तेव्हा ते हळूहळू मागे सरकून बसले.